काठी येईस्तोवर

पारगावच्या साखर कारखान्यापुढं उसाचे ट्रॅक्टर लागायचे ते पार डांबरी रस्त्यापर्यंत, आणि नंबर यायला कधी दिवस मावळायचा, कधी दुसरा उजाडायचा. पूर्वी या रांगेत ड्रायव्हर लोक पत्ते कुटायचे, सासुरवाडीवरनं एकमेकांची टर उडवायचे, नाहीतर ट्रॉलीखाली पाय ताणून घोरायचे. नव्व्याण्णव सालच्या हंगामात मात्र ती रांग एकदम शहाण्या पोरांसारखी गप्प झाली. ज्याच्या त्याच्या मुठीत एक राखाडी डबी, डबीला पिवळी बटणं, आणि आतून टिवटिव. नऊ हजार नऊशे नव्व्याण्णव खेळ आहेत असं डबीवर छापलेलं होतं, पण खेळायचे सगळे एकच. वरून विटा पडतात, त्या खाली नीट बसवायच्या. मागचा हॉर्न वाजवून वाजवून दमायचा, पण पुढच्याची वीट बसल्याशिवाय ट्रॅक्टर काही हलायचा नाही.

भिमाच्या जालिंदरनं आपली डबी लेण्याद्रीच्या पायथ्याला घेतली होती. गणपतीला गेला आणि नारळाच्या दुकानातनं हे घेऊन आला. त्याची बायको अंजना म्हणाली, "देवाला काय मागितलंत ते ठावं न्हाई, पर देवानं दिलं ते ह्ये."

हंगाम संपला, ट्रॅक्टर दारात उभा राहिला आणि डबी खुंटीला लटकली. त्याच आठवड्यात जालिंदरची आई, तुकाबाई, चारीत पडली.

कॅनॉलच्या पाण्याची चारी. तुकाबाईच्या तरुणपणी तिथं नुसतं माळरान होतं आणि माळावर पडलं तर माणूस फार तर खरचटायचं. आता सिमेंटची चारी झाली होती, शेवाळ धरलेली. एक कोकरू कडेवरून आत घसरलं, त्याच्यामागं तुकाबाई घसरली. कोकरू आपलं आपण वर चढून आलं. तुकाबाईला चौघांनी उचलून मंचरच्या दवाखान्यात नेलं, आणि ती परत आली ती मांडीपर्यंत पांढऱ्या प्लॅस्टरमध्ये.

उभ्या जन्मात ही बाई दिवसाउजेडी कधी बसलेली कोणी पाहिली नव्हती. धनगराघरची लेक, धनगराघरची सून. चालता चालता जेवायची, चालता चालता लोकर कातायची. जालिंदरही वाटेवरच, एका आंब्याखाली झाला होता. आता ओसरीच्या बाजेवर पाय उशीवर ठेवून ती जी बसली, ती येणाऱ्या-जाणाऱ्याला खायला उठायला लागली. अंजनाच्या भाकरीला पापुद्रा येत नाही, कोंबडी भलत्याच जागी अंडं घालते, सूर्य आज उशीर करतोय. शेवटी अंजनानंच नवऱ्याला खुणावलं. जालिंदरनं खुंटीवरची डबी काढून आईच्या मांडीवर टाकली.

"घे म्हातारे. येळ जाईल."

"ह्ये काय?"

"वरनं येतंय त्ये खाली बशीवायचं. फट ऱ्हाऊ द्यायची न्हाई. एवढंच."

एवढंच सांगून तो गेला, आणि तिथंच घोटाळा झाला. कारण ओळ पूर्ण भरली की ती नाहीशी होते, हे त्यानं सांगितलंच नाही. तुकाबाईनं बटणं चाचपली. चौकोनी यायचं ते तिला घोंगडीच्या घडीसारखं दिसलं. एक विळ्यासारखं. एक वाकडंतिकडं यायचं, त्याला तिनं लंगडी असं नाव ठेवलं. आणि एक सरळसोट, लांब, काठीसारखं. ती काठीच. तिनं एकेकाला कडेला नेऊन, वळवून, अंगाला अंग लावून असं बसवलं, जसं संध्याकाळी वाघरीत मेंढरं कोंडावीत. वाघर म्हणजे रात्रीचं मेंढरांभोवतीचं जाळं. खालची ओळ अगदी गच्च भरली. आणि टिर्र करून गेली.

"आगं अंजने!" तुकाबाई ओरडली. "गेली की समदी! आत्ता व्हती!"

अंजना पिठाच्या हातानं धावत आली. "आत्याबाई, जायाच पायजेत. भरली की जाती."

"जाती कुठं?"

"कुठं न्हाई. जाती."

"आन् मंग बशीवायची कशाला?"

याचं उत्तर कारखान्यापुढच्या रांगेतल्या एकाही ड्रायव्हरकडं नसणार. तुकाबाईनं पुढचे दोन दिवस डबी आपल्या पद्धतीनं खेळून पाहिली. म्हणजे प्रत्येक ओळीत मुद्दाम एक फट ठेवायची. मेंढरं राखायची असतील तर राखायची नीट, बिबट्यानं नेल्यासारखी घालवायची काय म्हणून? ढीग भराभर वर चढायचा, वरच्या कडेला टेकायचा, आणि डबी रडका सूर काढून बंद पडायची. आकडे वाचता येत नसल्यामुळे हरण्याची लाज तिला वाटायची नाही, पण तो सूर मात्र तिला झोंबायचा. मयताच्या घरातल्यासारखा सूर.

मग एकदा चुकून दोन ओळी एकदम गेल्या आणि वरचं सगळं ओझं धपकन खाली आलं. मोकळी जागा झाली. तुकाबाई त्या मोकळ्या जागेकडं बघतच राहिली.

असली मोकळी जागा तिनं गेल्या कैक वर्षांत पाहिली नव्हती. घोडनदीपासून वाडीपर्यंत नुसता ऊस. जिथं खतासाठी मेंढरं बसवावीत म्हणून शेतकरी हातापाया पडायचे, पायली-दोन पायली धान्य द्यायचे, तिथं आता गोण्यांतला युरिया पडत होता आणि मेंढरू बांधावर दिसलं तर दगड. उसात बिबटे. आपली वाघर, आपलीच मेंढरं, आणि रात्री जागायचं कुणी तर तिच्या नवऱ्यानं, म्हाताऱ्या भिमानं. एकाला एक काही लागत नव्हतं. आणि ही टीचभर डबी बघा. यात जे येईल त्याला जागा होती. लंगडीलासुद्धा. दोनदा वळवली की ती कुठंतरी बसायचीच, आणि बसली की खाली काहीतरी हलकं व्हायचं. डबीत आणि तुकाबाईतही.

पण खरी मजा काठीची. अंजनाच्या ते पहिल्यांदा लक्षात आलं. म्हातारी एका कडेला विहिरीसारखी एक उभी फट सोडायची, बाकीचं सगळं चिणत आणायची आणि काठीची वाट बघायची. काठी पटकन येत नाही. घडी येते, विळा येतो, लंगडी तर नको तेव्हा दोनदा येते. ढीग वर वर येतो, जीव गळ्याशी येतो. आणि मग ती येते, सरळ, विहिरीत सुळकन उतरते, आणि चार ओळी एका दमात साफ. त्या क्षणी तुकाबाईच्या तोंडावर जे यायचं, ते अंजनानं सासूच्या तोंडावर कधी बघितलं नव्हतं. जालिंदरच्या लग्नातही नाही.

"आत्याबाई, च्या निवला."

"हंऽऽ."

"आत्याबाई, कोंबडी उतरंडीवर चढली."

"हंऽऽ."

तुकाबाईच्या या हं विषयी सांगायला पाहिजे. माळावर लांबून हाका मारून मारून या लोकांचा आवाज बाहेरच खर्च होतो, घरात ते काटकसर करतात. तुकाबाईचं निम्मं बोलणं हं मध्येच व्हायचं. आखूड, तोडलेला हं म्हणजे होय. लांबवलेला हंऽऽ म्हणजे ऐकलं, थांब जरा, मग बघू. आणि नाकातनं आलेला एक होता, तो म्हणजे तू खोटं बोलतोयस. अंजनाला हे शिकायला दोन वर्षं लागली. भिमाला काय, त्याचा संसारच या तीन शब्दांवर झालेला.

आता मेंढरांचं. भिमाची स्वतःची मेंढरं केव्हाच संपली होती. काही विकली, काही बिबट्यानं नेली, काही रोगानं गेली. उरलेला कळप तुकाबाईचा होता. लग्नात तिच्या बापानं तिला दोन गाभण मेंढ्या आंदण दिल्या होत्या. त्यांच्या लेकी, त्यांच्या नाती, पणत्या, अशी ती माहेरची वेल वीसेक डोक्यांवर येऊन थांबली होती. त्यांच्या भावकीत अशी रीत होती की आंदणाची मेंढी नवऱ्यानं चारावी, कातरावी, तिला औषध पाजावं; पण विकायची तर बाईनं हं म्हणायला पाहिजे. बाईनं हं म्हटलं की पुढारी मेंढीच्या, म्हणजे कळपाच्या पुढं चालणारीच्या, कपाळाला बिरोबाचा भंडारा लावायचा. तो लागला की शब्द फिरत नाही.

भिमा गेले वर्षभर तो हं मागत होता.

"चारायचं कुठं, तुके? रानात ऊस, बांधाला ऊस. उद्या तुज्या चुलीतनं बी ऊसच उगवंल."

"नदीच्या कडंनं न्या."

"नदीला बिबट्या हाय."

"मंग डिंब्याच्या अंगाला डोंगरात न्या."

"आन् गुडघं कुनाचं नेऊ?"

"माजा पाय सुटू द्या. मी जाती मागं. एकली जाती. तवर ऱ्हाऊ द्यात. विकायचं त्वांडातनं बी काढू नका."

इतकं लांबलचक ती एरवी बोलायची नाही. भिमाला ते माहीत होतं. तो घोंगडी खांद्यावर टाकायचा आणि मेंढरं घेऊन आटलेल्या ओढ्याच्या वाटेला लागायचा. संध्याकाळी परत यायचा तेव्हा मेंढरांची पोटं सकाळसारखीच खपाटीला गेलेली असायची आणि त्याचे डोळे लाल. तुकाबाई बाजेवरनं एकेकीकडं नजर फिरवायची. सगळ्या आहेत एवढं बघून ती डबी उचलायची.

ते दिवस चैत्र सरतीचे. प्लॅस्टर सुटायला आता थोडेच दिवस राहिले होते आणि पायाला आतून मुंग्या लागल्यासारखी खाज सुटायची. तुकाबाई मनात वाटा काढत बसायची. पहिला मुक्काम कुठं, पाणी कुठं, कोणत्या ओळखीच्या वस्तीवर अजून मेंढरं बसवून घेतात. वाटा आठवायच्या, पण पुढं जाऊन कुठल्याशा पाटाला, कुठल्याशा उसाला अडायच्या. मग ती डबी सुरू करायची. तिथं नसत्या अडत.

त्या दुपारी खेळ असा काही जमला होता की बोलायची सोय नाही. अंजना मागं बसून लसूण सोलत होती आणि मध्येच हात थांबवून बघत होती. कडेची विहीर खोल झालेली, बाकी सगळं गच्च, आणि काठी काही येईना. विटा आता भराभर पडत होत्या. तुकाबाईचा अंगठा बटणावर आणि श्वास वरच्या वर.

अंगणात भिमाची पावलं वाजली. नेहमीपेक्षा लवकर आला होता. अंजना पदर सावरून आत गेली.

भिमा बाजेच्या पायथ्याशी उभा राहिला. थोडा वेळ तो डबीची टिवटिव ऐकत राहिला. मग म्हणाला, "तुके."

घडी आली. तिनं ती डावीकडं ढकलली.

"तुके, हौशीराम आलाय. बाहीर टेंपू हाय त्याचा. मेंढरं देऊन टाकू का?"

"हंऽऽ," तुकाबाई म्हणाली. विळा येत होता.

"देऊ म्हंतीस?"

"हंऽऽ."

भिमानं टोपी काढली, डोकं खाजवलं, परत घातली. मग कोनाड्यातला भंडाऱ्याचा डबा घेऊन बाहेर गेला.

आणि काठी आली. सरळ विहिरीत उतरली, चार ओळी टिर्रकन गेल्या, सगळा ढीग खाली बसला आणि वर नुसती मोकळी जागा.

"अंजने! आली गं आली! समदं मोकळं झालं बघ!"

घरातनं उत्तर आलं नाही. उत्तर बाहेरनं आलं. मेंढरांचा ओरडा, आणि तो चरायचा किंवा तहानेचा नव्हता. लाकडाच्या फळीवर खुरं घसरल्याचा आवाज. तुकाबाईनं पंचावन्न-साठ वर्षांत तो आवाज दुसऱ्यांच्या कळपांचा पुष्कळ ऐकला होता. डबी तिच्या हातातनं गोधडीवर पडली आणि एकटीच टिवटिवत राहिली.

ती भिंत धरून, प्लॅस्टरचा पाय ओढत दारापर्यंत आली. दारातच बसली, कारण पुढं येणं होईना. टेंपोच्या मागच्या फळीवरनं मेंढ्या चढत होत्या. पुढारी मेंढी आधीच आत होती. तिच्या कपाळावर पिवळा ठिपका, ओला, नाकाकडं ओघळलेला.

"ओ!" तुकाबाईनं माळावरचा आवाज काढला. "हौशीराम! उतरीव! माजी हायती ती!"

हौशीराम व्यापारी भला माणूस होता. तो गोंधळून भिमाकडं बघायला लागला. "वैनी, तुमीच हं म्हनला ना? भंडारा लागला की वो."

"मी कवा म्हनली?"

भिमा फळीला टेकून उभा होता. "म्हनलीस. दोनदा म्हनलीस."

"त्यो हं व्हय? त्यो थांब म्हनायचा व्हता! काठी यायची व्हती माजी!"

"कसली काठी?" हौशीराम म्हणाला.

त्याला कोणी सांगितलं नाही. सांगितलं असतं तरी काय समजलं असतं? अंजना आतल्या दारात तोंडाला पदर लावून उभी होती. जालिंदर ट्रॅक्टरपाशी आला होता, पण कुणाच्या बाजूनं बोलावं हे न कळून त्यानं टायरला हळूच एक लाथ मारली आणि तिथंच थांबला.

तुकाबाई भिमाकडं बघत म्हणाली, आणि या वेळी आवाज माळावरचा नव्हता, "तुमाला माजा हं कळत न्हाई?"

भिमानं खोटं बोलायला तोंड उघडलं. एवढ्या वर्षांच्या सवयीनं तुकाबाईचा नाकातला हं तयारच होता. पण तो खोटं बोलला नाही.

"कळतुया," तो म्हणाला.

"मंग?"

"मंग काय. आखूड हं तू कवाच म्हनली नसतीस." त्यानं हाताला लागलेला भंडारा धोतराला पुसला. "दोन मेंढ्या आज वढ्यात बसल्या त्या उठंनात, तुके. उचलून उभ्या केल्या. किती उचलू?"

यावर तुकाबाईकडं बोलायला होतं. पाय सुटू द्या, हे होतं. मी जाते, हे होतं. पण तिची नजर फळीवर चढणाऱ्या शेवटच्या मेंढीच्या बरगड्यांवर गेली. बाजेवरनं, संध्याकाळच्या अंधुक उजेडात, तिनं रोज नुसतं सगळ्या आहेत ना एवढंच बघितलं होतं. उन्हात त्या अशा दिसतात, हे तिला आज दिसलं. मेंढीला चढवत नव्हतं. हौशीरामनं तिला मागनं उचलून आत टाकलं, आणि ती इतकी हलकी होती की त्याला एक हात पुरला.

फळी लागली. टेंपो गेला. धूळ खाली बसायला वेळ लागला, कारण वारं नव्हतं.

त्या दिवशी घरात चूल पेटली, पण जेवलं कोणी नाही. अंजना बाजेवरची डबी उचलून बंद करायला गेली. रडका सूर केव्हाच वाजून गेला होता. तिला राहवलं नाही, ती हळूच म्हणाली, "आत्याबाई, मधीच थांबवाया यतंय ह्ये. ह्ये बारकं बटन हाय ना, त्ये दाबलं की वीट हाय तिथंच थांबती. परत दाबलं की चालू."

तुकाबाईनं डोळे वर केले. "आन् ह्ये तू मला आज सांगतीयास."

"मला वाटलं ह्येंनी सांगितलं आसंल."

"त्यानं मला काय बी सांगितलं न्हाई," तुकाबाई म्हणाली, आणि भिंतीकडं तोंड करून पडली.

प्लॅस्टर ठरल्या दिवशी सुटलं. आतला पाय वाळक्या शेंगेसारखा निघाला. डॉक्टर म्हणाले, आता चालायचं बरं का आजी, रोज चालायचं, न चालून कसं होईल. जीपमधून परत येताना दोन्ही बाजूंनी ऊस होता, नुकता लागण केलेला, हिरवागार. जालिंदर म्हणाला, यंदा पीक चांगलं आहे.

ती चालली. रोज सकाळी काठी टेकत चारीपर्यंत जायची, चारीतलं पाणी बघायची आणि परत यायची. पुढं कुणी चालत नसलं की चाल कशी ठेवायची हेच तिला कळेना. ती भराभर चालायची, नाहीतर उभीच राहायची. वाडीतल्या बाया म्हणायच्या, बरं झालं, सुटलीस त्या वणवणीतनं. तिला ते खोटंही म्हणवत नसे. रात्री भिमा निवांत झोपायचा, वाघरीपाशी जागायचं आता नव्हतं. आणि तरीही मध्येच उठून अंगणात जायचा, नुसता उभा राहायचा, आत यायचा. तुकाबाई जागीच असायची. दोघं एकमेकांना झोपलेले समजायचे.

एका दुपारी ती बाजेवर डबी घेऊन बसली. मन लागायचं नाही असं तिला वाटलं होतं, पण लागलं. त्याचाच तिला राग आला. विटा तशाच पडत होत्या, तशाच बसत होत्या. भिमा अंगणातल्या बाभळीखाली बसला होता. हाताला काम नाही, डोळ्यांपुढं कळप नाही. दोघांत बोलणं म्हणाल तर भाकरी वाढू का, पाणी देऊ का, एवढंच उरलं होतं. तो उठला, ओसरीवर आला, बाजेच्या कडेला टेकला. बराच वेळ पडद्याकडं बघत राहिला.

"मला बी शिकीव," तो म्हणाला.

तुकाबाईनं खेळ संपू दिला. मग तिनं डबी त्याच्या हातात दिली. त्याची बोटं बटणांपुढं मोठी होती, लोकर कातरून कातरून जाड झालेली. तिनं त्याचा अंगठा धरून गोल बटणावर ठेवला.

"ह्येनं वळतं. ह्येनं इकडं, ह्येनं तिकडं. फट ऱ्हाऊ द्यायची न्हाई. आन् भरली की जाती, तवा ओरडायचं न्हाई."

"बरं."

"आन् ह्ये," तिनं खालच्या बारक्या बटणावर बोट ठेवलं, "कुनी बोलाया आलं तर आधी ह्ये दाबायचं. मंग बोलायचं."

भिमानं ते बटण नीट बघितलं. मग मान वर करून अंगणाकडं, मेंढरांच्या रिकाम्या वाड्याकडं, त्याच्या मागच्या उसाकडं बघितलं.

"आता कोन येनार हाय?" त्यानं विचारलं.

वरून घडी पडत होती. ती तशीच मधोमध खाली गेली आणि नको तिथं बसली. तुकाबाईनं त्याचा अंगठा धरून पुढची वीट वळवली.